ख्रिसमसला बर्फात मुलीसोबत काही सेवा करायचीये, पण सगळे स्लॉट फुल. काय करू?

नाशिककर_बफेलोत
नमस्कार मंडळी, ऑगस्टमध्ये नाशिकहून अमेरिकेत बफेलोला (न्यूयॉर्क राज्य) आलोय, आमचा पहिलाच विंटर. मुलगी 11 वर्षांची. शाळेत सगळीकडे टॉय ड्राइव्ह फूड ड्राइव्ह (गरजूंसाठी खेळणी, खाणं गोळा करणं) चालू आहे, त्यामुळे तिनेच हट्ट धरला की आपणपण ख्रिसमसला कुणासाठी तरी काहीतरी करायचं. तीन ठिकाणी फोन केले, 24 आणि 25 चे स्लॉट नोव्हेंबरातच भरलेत, एकीकडे 16 च्या खालची मुलं घेतच नाहीत. फार हिरमुसलीये. नुसते पैसे देऊन तिचं समाधान होणार नाही, तिला स्वतःच्या हाताने करायचंय. कुणाला अनुभव असेल तर सांगा ना.

मीनल_ताई
अगं ख्रिसमसच्या आठवड्यात सगळ्यांनाच यायचं असतं, आणि जानेवारी फेब्रुवारीत फूड पँट्रीमध्ये (गरजूंना फुकट शिधा देतात तिथे) डबे लावायला माणूस मिळत नाही. आमच्याकडे तर अक्षरशः चार जण असतो. म्हणून आत्ताच फेब्रुवारीतला एखादा शनिवार मागून ठेव, मुलांना कुठे घेतात तेही तेव्हाच विचार. तोपर्यंत नवीन जाड मोजे गोळा करा, शेल्टरला (बेघरांच्या निवाऱ्याला) मोजे कायम कमी पडतात कारण वापरलेले सहसा घेत नाहीत. टॉईज फॉर टॉट्सला (गरजू मुलांसाठी ख्रिसमसला खेळणी गोळा करतात ते) खेळणं देणार असशील तर नवीन हवं आणि गिफ्ट पेपरमध्ये गुंडाळायचं नाही हं, माझी पहिल्या वर्षी ती चूक झाली होती.

चिकटोवागा_वाला
मी 2022 च्या ब्लिझर्डला (बर्फाच्या वादळाला) इथेच होतो. 23 डिसेंबरला सकाळी सुरू झालं ते 37 तास सलग, समोरचं घर दिसत नव्हतं, एअरपोर्टला चार फुटांच्या वर बर्फ पडला. अँब्युलन्स निघू शकत नव्हती, फायर ब्रिगेडच्या गाड्याच अडकल्या. चाळीसहून जास्त माणसं गेली, काही गाडीत, काही घरातच हीटिंग बंद पडून, काही फावड्याने बर्फ काढताना (शव्हेलिंग) हार्ट अटॅकने. कित्येकांपर्यंत कुणी पोचूच शकलं नाही, ते आठवलं की आजही पोटात तुटतं.

आणि त्याच दोन दिवसांत इथल्याच विल्यम्सव्हिल उपनगरात नायगरा धबधब्याला निघालेल्या कोरियन टुरिस्टांची व्हॅन एका घरासमोर रुतली, ते नुसतं फावडं मागायला आले होते, त्या नवरा-बायकोने दहाच्या दहा जणांना आत घेतलं आणि वीकेंडभर ठेवून घेतलं. घरात गोचुजांग (कोरियन मिरचीची पेस्ट) होतं म्हणून पाहुण्यांनी स्वतः रांधून सगळ्यांना जेवू घातलं. आमच्या चिकटोवागात एकाने शाळेची खिडकी फोडून गाड्यांत अडकलेल्या वीसेक लोकांना आत नेलं, आणि जाताना माफीची चिठ्ठी ठेवून गेला.

माझं ऐकाल तर आधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचे फोन नंबर घ्या. कोण एकटं राहतं, कुणाकडे ऑक्सिजन मशीन आहे, एवढं माहीत असणं लय मोठं काम आहे. आमच्याकडे लाइट गेली तेव्हा पलीकडच्या आजोबांना आम्हीच आणलं, नंबर होता म्हणून.

हिमवर्षाव78
+1 वरच्यांना. शव्हेलिंगचं थोडं सांगतो, मुलीला जमेल. बर्फ ताजा असतानाच काढायचा, उचलायचा नाही ढकलायचा. प्लो (रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी) येऊन गेला की ड्राइव्हवेच्या तोंडाशी दगडासारखा ढिगारा करून जातो, म्हाताऱ्या माणसांना तोच निघत नाही, तो तुम्ही मोठ्यांनी काढा. मुलीला जवळचा फायर हायड्रंट (आग विझवायला पाणी घेतात तो रस्त्यावरचा नळ) द्या, चारही बाजूंनी तीन फूट मोकळा ठेवायचा. आणि शेजाऱ्यांच्या फर्नेसचा (घर गरम करणाऱ्या भट्टीचा) पाइप भिंतीतून बाहेर आला असेल तर त्याच्यापुढचा बर्फ आठवणीने काढा, तो बुजला तर कार्बन मोनॉक्साइड घरात भरतो आणि वास येत नाही की काही नाही. मीठ टाकायच्या आधी कुत्रा आहे का विचारा, पंजे भाजतात त्यांचे.

नाशिककर_बफेलोत
खूप खूप आभार सगळ्यांचे!! काल संध्याकाळी तिळाच्या वड्या घेऊन समोर गेलो, तिथे 80 च्या पुढच्या एक आजी एकट्याच असतात, चार महिने समोर राहून मला पत्ता नव्हता याचं फार वाईट वाटलं. नंबर दिला घेतला. त्यांच्या भिंतीचा पाइप अर्धा बुजलेला होता, लेकीने हाताने मोकळा केला, आजी खिडकीतून बघत होत्या. हायड्रंट आमच्या कोपऱ्यावरच आहे, तो आता तिचा झालाय, सकाळी साडेसहाला बूट घालून तयार असते. मीनलताई, फेब्रुवारीच्या शनिवारसाठी तुमच्याच पँट्रीत येऊ का? 11 वर्षांची चालेल का तिथे?

मीनल_ताई
चालते गं, सोबत मोठं माणूस हवं फक्त. मेसेज केलाय बघ. तिला टोपी आणि जाड हातमोजे दे, गोडाउनमध्ये हीटर नाहीये.