मदत हवी आहे : सोन्याचा कीस गोळा करायला कोणता व्हॅक्यूम घ्यावा?

नमस्कार मंडळी. शहापूरला (बेळगाव) आमचं दागिने घडवण्याचं छोटं काम आहे. कानस चालवताना पडणारा कीस मांडीवर पसरलेल्या चामड्यात येतो, पण बारीक भुकटी फरशीच्या फटीत जाऊन बसते. आजवर केर साठवून झारेकऱ्याला (केरातून सोनं वेगळं काढणाऱ्याला) द्यायचो. तो आता वय झाल्यामुळे येत नाही, आणि सोन्याचा भाव बघता फटीत राहिलेलं सोनं जिवाला लागतं.

परदेशात सोनं शोधणारे लोक कोरड्या ओढ्यातल्या खडकांच्या भेगा पोर्टेबल व्हॅक्यूमने ओढून घेतात. मोटरीच्या आधी एक झाकणबंद बादली असते. सोनं वाळूच्या सातपट जड, घनता 19.3, त्यामुळे ते बादलीतच खाली बसतं. आपल्याकडे कुणी कारखान्यात असं केलंय का?

मला खरी काळजी बफच्या (पॉलिश करायच्या चाकाच्या) धुळीची आहे. ती इतकी हलकी की बादली ओलांडून फिल्टरमध्ये जाणार. म्हणून कागदी पिशवीचं मशीन बरं वाटतं. पिशवी जाळून राख टाकणखार घालून मुशीत गाळता येईल. धुवायच्या फिल्टरमधून सोनं पूर्ण निघतं का? नळीच्या वळ्यांत अडकतं का? बॅटरीवालं हातातलं मशीन फटीतला कीस ओढू शकेल, की वायरचंच घ्यावं?

पारा वापरायचा सल्ला कृपया देऊ नका, घरात लहान मुलं आहेत. निपाणी, खानापूर, कोल्हापूरकडच्या कुणी कारागिराने वापरलं असेल तर अनुभव नक्की लिहा. शिवाय या भागात विश्वासू झारेकरी कुणाला माहीत असेल तर तेही कळवा.