समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला सायफाय पिक्चर लोकांना बोअर का होतो?

हळदगल्ली_सांगली:
मंडळी एक विचारायचं होतं. परवा विश्रामबागला आमच्या रूमवर पाचजणांनी मिळून 'अरायव्हल' बघितला, २०१६ चा, ८ ऑस्कर नॉमिनेशनं होती त्याला, सगळीकडं कौतुक वाचलेलं म्हणून मीच हट्टानं लावला. अर्ध्या तासात दोघं मोबाईलमध्ये, एक झोपला, आणि एकजण भडंग खात म्हणतोय, "अरे एलियन आलेत आणि ही बाई त्यांना बाराखडी शिकवत बसलीय, लढाई कधी?" मला मात्र ती बोर्डावर 'माणूस' लिहून दाखवते तिथंच काटा आला अंगावर, रात्री झोप नाही. मग समीक्षक उगाच उचलून धरतात का आपल्या लोकांना असलं झेपत नाही?

मिरज_जंक्शन:
झेपत नाही असं नको म्हणूस भावा, अमेरिकेतपण हेच होतं. तिकडं सिनेमास्कोर म्हणून प्रकार आहे, पहिल्या रात्री थिएटरात आलेल्या लोकांना कार्ड देऊन ए ते एफ ग्रेड घेतात. अरायव्हलला बी मिळाला. २०१८ च्या 'अनायहिलेशन'ला सी, समीक्षक तर खूश होते त्याच्यावर. २००२ च्या 'सोलारिस'ला जॉर्ज क्लूनी असून थेट एफ! मला विचारशील तर सगळा घोळ ट्रेलरचा आहे, ट्रेलरमध्ये यान, हेलिकॉप्टर, मिलिटरी दाखवायची आणि आत गेल्यावर बाई मुलीच्या आठवणीत. मटणाच्या वासानं पंगतीला बसलेल्या माणसाला वरणभात वाढला तर तो चिडणारच की, भात कितीका चांगला असेना.

पोवईनाका:
समीक्षकांचं पण फार मनावर घेऊ नका. २५ जून १९८२, एकाच दिवशी 'ब्लेड रनर' आणि 'द थिंग' अमेरिकेत लागले आणि दोन्ही आपटले. 'द थिंग'ला तर समीक्षकांनी किळसवाणा म्हणून झोडपून काढलं. दोनच आठवडे आधी 'ई.टी.' आलेला, लोकांना गोड एलियनची सवय लागलेली. आज तेच दोन पिक्चर अभ्यासाला लावतात. आणि आपल्या माणसांना विज्ञानकथा झेपत नाहीत हे तर अजिबात पटत नाही, नारळीकर कोल्हापुरात जन्मलेले, मराठीतनं लिहिलं, आम्ही शाळेत असताना लायब्ररीत त्यांच्या पुस्तकाला नंबर लावायला लागायचा.

द्राक्षबाग_तासगाव:
माझा अनुभव सांगते. मागच्या उन्हाळ्यात घरी 'इंटरस्टेलर' लावलेला, वडील सहज येऊन बसले, इंग्लिश येत नाही त्यांना. मी फक्त एवढंच सांगितलं की अण्णा, त्या ग्रहावरचा एक तास म्हणजे आपली ७ वर्षं. पुढं हिरो यानात परत येतो तोवर २३ वर्षं गेलेली असतात आणि तो बसून पोराचे साठलेले व्हिडिओ एकामागून एक बघतो, पोरगा मोठा होतो, त्याला पोर होतं. अण्णा खांद्यावरचा टॉवेल डोळ्याला लावून म्हणाले, "नातू डब्यातच बघितला की गं त्यानं." माझा भाऊ ऑस्ट्रेलियात आहे, त्याच्या पोराला अण्णांनी अजून मांडीवर घेतलं नाही. शेवटचं ते पुस्तकाच्या कपाटाचं काही त्यांना लागलं नाही, उठून झोपायला गेले. पण सकाळी बागेत निघायच्या आधी भावाला फोन लावला त्यांनी. आपल्याकडं मराठी सबटायटल पाहिजेत, माझं कळकळीचं म्हणणं आहे हे, त्या पिक्चरमध्ये तर म्युझिकच्या आवाजात डायलॉग इंग्लिशवाल्यांनापण नीट ऐकू आले नव्हते, तशी तक्रार तेव्हाच झालेली.

हळदगल्ली_सांगली:
ताई वाचून गलबलून आलं. रविवारी गावी जातोय, आईला दाखवतो, मध्येमध्ये थांबवून मराठीत सांगत, आणि लढाई नाही हे आधीच सांगून टाकतो. कुठला लावू?

द्राक्षबाग_तासगाव:
आईला अरायव्हलच लाव. मुलीचं काय होतं ते मात्र आधी सांगू नको.