शांतारामबापूंचा कोणता चित्रपट दाखवायचा?

सचिव (ए-१०१):
सर्व सभासदांना नमस्कार. १८ नोव्हेंबर हा चित्रपती व्ही. शांताराम यांचा जन्मदिवस. त्या आठवड्यातील रविवारी संध्याकाळी सभागृहात त्यांचा एक चित्रपट दाखवायचे सांस्कृतिक समितीने ठरवले आहे. कोणता, यावर मात्र समितीत एकमत झाले नाही, म्हणून हा विषय ग्रुपवर ठेवत आहे. नुसते नाव सुचवू नये, तोच चित्रपट का आवडतो हेही लिहावे. आपल्याकडील अमराठी कुटुंबांनाही तो समजावा, एवढे लक्षात ठेवावे.

जाधव (सी-२०३):
माझे मत 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटाला आहे, आणि त्याला एक घरचे कारण आहे. माझे आजोळ आटपाडीकडचे. औंध संस्थानाच्या काळात तिथे स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मोकळी वसाहत उभी राहिली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्याने आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेतून हा प्रयोग झाला होता. त्याच माणदेशातल्या गदिमांनी तो मनात धरून या चित्रपटाची कथा लिहिली. सहा खुनी, एक तुरुंगाधिकारी आणि एक माळरान, एवढ्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या या चित्रपटाला बर्लिन महोत्सवात पारितोषिक मिळाले. तुरुंगाधिकाऱ्याची भूमिका स्वतः शांतारामबापूंनी केली आहे आणि बैलाशी झुंजीच्या प्रसंगाच्या चित्रीकरणात त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली होती. चित्रपट हिंदी असल्याने भाषेची अडचणही येणार नाही.

सौ. जोशी (बी-३०२):
जाधवभाऊंच्या निवडीबद्दल आदर आहे, पण माझ्या दृष्टीने 'कुंकू' (१९३७) या चित्रपटाच्या जवळपासही दुसरा कोणता येत नाही. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो आधारलेला आहे. फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, त्या लग्नाला लग्न मानायलाच नकार देते. ती आकांडतांडव करत नाही, विहीरही जवळ करत नाही. त्याच घरात राहून ती रोज 'नाही' म्हणते. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, हे आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात आले असेल? वाद्य वाजते ते पडद्यावर कुणी वाजवत असेल तेव्हाच. त्यामुळे काकासाहेबांच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक अंगावर येते, कारण ती झाकायला दुसरा आवाजच नसतो. केशवराव दाते यांनी केलेले काकासाहेब आणि ते जुने घड्याळ, दोघांचीही वेळ संपत आली आहे, हे कुणीही बोलून न दाखवता कळते.

अनिकेत (ए-५०४):
सर्वांना नमस्कार. माझ्या पिढीतल्या लोकांना सभागृहात आणायचे असेल, तर 'पिंजरा' (१९७२) दाखवावा, अशी विनंती आहे. खेबुडकरांची गीते, राम कदमांचे संगीत, शंकर पाटलांचे संवाद आणि पडद्यावर डॉ. श्रीराम लागू व निळू फुले समोरासमोर, इतके सगळे एका ठिकाणी पुन्हा कुठे मिळणार? डॉक्टरांचा तो पहिलाच मराठी चित्रपट होता, हे त्यांचे काम पाहून पटत नाही.

देशपांडे (बी-१०४):
तिन्ही मते मी दोनदा वाचली. मी चौथे नाव घेणार आहे, 'माणूस' (१९३९), आणि त्यामागची कारणे थोडी विस्ताराने लिहितो, त्याबद्दल क्षमस्व.

वर आलेल्या तिन्ही चित्रपटांत शेवटी काय होते, ते आठवून पाहावे. 'दो आँखें' मधला तुरुंगाधिकारी बैलांशी झुंजताना प्राण देतो. 'कुंकू' मधले काकासाहेब आत्महत्या करतात आणि मागे ठेवलेल्या पत्रातून नीरेला मोकळे करतात. 'पिंजरा' मधले मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फाशी जातात. अजून कुणी सुचवलेला नाही तो 'शेजारी' (१९४१) घेतला, तरी त्यात जिवबा आणि मिर्झा हे दोघे मित्र धरणाच्या प्रलयात एकमेकांचा हात धरून जातात. शांतारामबापूंच्या चित्रपटांत पुरुष चुकतो किंवा झिजतो आणि अखेरीस त्याच्या मरणाने गाठ सुटते. ती सुटताना आपले डोळे भरून येतात, माझेही येतात. परंतु घरी परतताना मला दर वेळी वाटत राहते की मरणाने प्रश्न सुटला नाही, तो फक्त आपल्या नजरेआड झाला.

'माणूस' मध्ये ही सोय नाही. गणपत हा साधा पोलीस, त्याची भूमिका शाहू मोडक यांनी केली आहे. मैना ही वेश्या, ती शांता हुबळीकर यांनी केली आहे. एका छाप्याच्या निमित्ताने दोघांची गाठ पडते आणि गणपत तिला त्या वस्तीतून बाहेर काढायचे मनावर घेतो. तो तिला आपल्या आईकडे घेऊन जातो. आई देवभोळी, प्रेमळ. तिला मुलगी आवडतेही. पण त्या सोवळ्या, शांत घरात मैनेचा जीव गुदमरतो, आणि इथे राहण्याचा आपल्याला अधिकार नाही असे मनाशी ठरवून ती निघून जाते. तिला कुणीही हाकलून दिलेले नसते. समाजाने तिच्या मनात जो न्यायाधीश बसवला आहे, तोच तिला घराबाहेर काढतो. समाजसुधारणेवरच्या चित्रपटांत समोर एक खाष्ट सासू किंवा दुष्ट सावकार उभा केला की काम भागते. इथे दोष द्यायला उंबऱ्यात कुणीच नाही, आणि म्हणूनच तो प्रसंग इतका जड होतो.

पुढे मैनेच्या हातून तिला छळणाऱ्या मामाचा खून होतो. गणपत तिला सोडवू पाहतो आणि ती सुटायला नकार देते. ती तुरुंगात जाते, तो मागे उरतो, आणि त्याला जगायचे असते. न्यू थिएटर्सच्या 'देवदास'ची (१९३५) मोहिनी देशभर पसरलेली असताना, प्रेम हरले म्हणून दारूत बुडून मरणाऱ्या नायकाला दिलेले उत्तर म्हणून 'माणूस' ओळखला जातो. अडतिसाव्या वर्षी दिग्दर्शकाला असे उत्तर द्यावेसे वाटले, याचे मला फार अप्रूप आहे.

अनिकेत, 'पिंजरा' मलाही आवडतो, पण हे दोन्ही चित्रपट तू लागोपाठ पाहावेस असे मनापासून सांगतो. दोन्हीकडे तत्त्वाचा माणूस आहे आणि समाजाने बाजूला टाकलेली स्त्री आहे. १९७२ मध्ये मास्तर मरतो, कारण गावाच्या मनातली त्याची आदर्श मूर्ती भंगू द्यायची नसते. १९३९ मध्ये मूर्ती मुळातच नसते, नाव सरळ 'माणूस' असे ठेवलेले असते. तेहतीस वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने अधिक रंगीत, अधिक सुरेल, पण कमी धीट चित्रपट केला, असे माझे मत आहे.

आता गाण्याविषयी. अनंत काणेकरांचे 'आता कशाला उद्याची बात' हे गाणे माझी आई तांदूळ निवडताना गुणगुणत असे, आणि मोठे काका ओटीवर आल्याची चाहूल लागली की सुपावरचा हात चालू ठेवून फक्त आवाज बंद करत असे. ते कोठीवरचे गाणे आहे हे आम्हा मुलांना कळायला पुढे बरीच वर्षे गेली. मास्टर कृष्णरावांनी त्याला चाल अशी दिली आहे की गिऱ्हाईक बदलते तशी मैना भाषा बदलते, मराठीतून तेलुगू, गुजराती, बंगाली, पंजाबी, तमिळ. एका खोलीत बसून तिला अख्ख्या देशाला रिझवायचे आहे. हुबळीकरांचा चेहरा हसत असतो आणि त्या हसण्याखालचा थकवा लपत नाही; त्या दोन-तीन मिनिटांसाठी तरी हा चित्रपट पाहावा.

सौ. जोशी (बी-३०२):
देशपांडेकाका, आपले लिहिणे वाचून मी थोडा वेळ थांबले. तरीही एक गोष्ट मान्य करता येत नाही. 'कुंकू' मधली गाठ काकासाहेबांच्या मरणाने सुटते, असे म्हणणे म्हणजे नीरेचा सगळा झगडा त्यांच्या खात्यावर जमा करणे होय. ते मरतात ते पुष्कळ नंतर. त्याआधी त्यांना आपण अन्याय केला हे कबूल करावे लागते, आणि ते कबूल करायला लावते ती नीराच. सावत्र मुलगा पंडित अंगचटीला येतो तेव्हा ती त्याला फोडून काढते, हेही विसरता येणार नाही. मैना थोर आहे, पण ती स्वतःला दोषी मानत जाते. नीरा एका क्षणासाठीही तसे मानत नाही. माझ्या दोन्ही मुलींना मी 'कुंकू' दाखवला होता तो एवढ्यासाठीच.

देशपांडे (बी-१०४):
वहिनी, आपला मुद्दा बिनतोड आहे आणि माझे वाक्य मी मागे घेतो. नीरेचा विजय तिने स्वतः मिळवलेला आहे. मैना स्वतःला दोषी मानते हेही खरे. माझे मन तिच्यात अडकते ते बहुधा त्याचमुळे, कारण नीरेसारखी माणसे मी फार थोडी पाहिली आणि मैनेसारखी, उंबऱ्यावरूनच परत फिरणारी, पुष्कळ. माझी निवड कायम आहे, पण 'कुंकू' श्रेष्ठ की 'माणूस', असे कुणी विचारले तर यापुढे मी आधी आपले म्हणणे सांगेन.

जाधव (सी-२०३):
'दो आँखें' मधला अधिकारी मरण पावला तरी ते सहा जण जगतात आणि शेती सोडून पळत नाहीत, हे काकांनी लक्षात घ्यावे, एवढीच माझी नोंद. मात्र 'माणूस' मी पाहिलेला नाही, आणि हे वाचल्यावर तो पाहावासा वाटतो. माझे मत मी त्याला देतो.

सचिव (ए-१०१):
आतापर्यंतचा कल 'माणूस'कडे दिसतो. 'प्रभात'ने तो 'आदमी' या नावाने हिंदीतही काढला होता. अमराठी सभासदांच्या सोयीसाठी हिंदी आवृत्ती लावावी का, एवढे कळवावे.

सौ. नायर (सी-४०१):
आमच्या कुटुंबासाठी हिंदी लावू नये, ही विनंती. आम्ही बारा वर्षे इथे राहतो आणि मुले मराठी चांगली बोलतात. मूळ मराठीच लावावा. माझे शिक्षण चेन्नईत झाले असल्याने मला तमिळ चांगले येते. त्या गाण्यातल्या तमिळ कडव्याचा अर्थ मी आधी ऐकून, मराठीत लिहून देशपांडेकाकांकडे देईन. तेलुगूसाठी डी विंगमधून कुणी पुढे यावे.