लग्नाची कायदेशीर व्याख्या आणि गावातला प्रचार : आपले अनुभव लिहा

पळसफूल

समान नागरी कायद्याच्या प्रचाराची गाडी गेल्या महिन्यात आमच्या बाजारात येऊन गेली. विवाह हा पवित्र संस्कार आहे, अग्नीच्या साक्षीने सात पावले चालल्याशिवाय तो होत नाही आणि कायद्यानेही तेवढेच मानावे, असे ध्वनिक्षेपकावरून सांगितले जात होते. ते ऐकताना यवतमाळ जिल्ह्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका असतानाच्या काळातली एक बाई आठवली, आणि तेव्हापासून तिच्याबद्दल लिहावेसे वाटत होते.

ती पहिल्या नवऱ्याच्या मागे विधवा झाली होती आणि नंतर एका बिजवराशी तिचा पाट, म्हणजे विधवेचे दुसरे लग्न, लागला होता. आपल्याकडे पाट कसा लागतो हे बहुतेकांना माहीत आहे. तो रात्री लागतो, वाजंत्री नसते, पत्रिका छापत नाहीत, आणि घरचे चार-सहा लोक सोडले तर कोणाला बोलावणेही नसते. हा दुसरा नवरा कपाशीचा कास्तकार होता. बोंडअळीने पीक गेले त्या वर्षी त्याने फवारणीचे औषध घेतले. आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला सरकारचे एक लाख रुपये मिळतात, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेव म्हणून. त्यासाठी ती कागद घेऊन गेली, तेव्हा समोरच्या कारकुनाने लग्नाची पत्रिका, लग्नाचा फोटो आणि नोंदणीचा दाखला मागितला. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, फोटो कुठून आनू? पाट त रातीच लागला. मंग आमी इतके वर्सं त्या घरात कोन होतो?"

हिंदू विवाह कायदा 1955 चा आहे आणि त्याच्या सातव्या कलमात वर किंवा वधू यांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे लागलेले लग्न ग्राह्य धरले आहे. सप्तपदी ज्यांच्या विधीत आहे त्यांच्यापुरतीच ती आवश्यक आहे. म्हणजे कायद्याने पाट नाकारलेला नाही. नाकारतो तो टेबलापलीकडचा माणूस, आणि आता प्रचाराच्या गाडीवरचा आवाजही तेच करतो आहे. लग्न म्हणजे काय, यावर तुमच्या गावांत प्रचार झाला असेल, सह्यांची मोहीम निघाली असेल, घरोघरी कागद आले असतील, तर त्याचे अनुभव इथे लिहावेत अशी विनंती आहे. कोणत्या पक्षाचे चुकले हे ठरवण्यासाठी हा धागा काढलेला नाही.

बोधी

ताई, धागा काढलात हे फार बरे झाले. आमच्या वडिलांचे लग्न 1956 च्या धम्मदीक्षेनंतर काही वर्षांनी झाले. पांढरे कपडे, समोर बुद्ध आणि बाबासाहेब, त्रिशरण-पंचशील, एकमेकांना हार आणि सर्वांचा आशीर्वाद, एवढाच विधी होता. हिंदू विवाह कायद्याच्या दुसऱ्या कलमात बौद्धांनाही त्याच कायद्याखाली घातले आहे. त्यामुळे पुढे घरात वाटणीचा वाद उभा राहिला, तेव्हा विरुद्ध बाजूच्या वकिलाने आमच्या आईला सप्तपदी झाली होती का, असे भर न्यायालयात विचारले. ती सत्तरीच्या घरात होती. तिला प्रश्नच कळला नाही, आणि कळला तेव्हा ती रडली.

बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा हवा ही मागणी आमच्याकडे जुनी आहे. दर निवडणुकीत कोणीतरी व्यासपीठावरून तिचे आश्वासन देते, आणि टाळ्या पडतात. हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून 1951 साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, हे आज सगळेच पक्ष आपापल्या सोयीने सांगतात. पण तमिळनाडूने 1967 मध्ये त्याच हिंदू विवाह कायद्यात कलम 7-अ घालून भटजीशिवायच्या स्वाभिमान विवाहांना मान्यता दिली, हे आमच्याकडच्या एकाही वक्त्याने मला आजवर सांगितलेले नाही. एका राज्याने दुरुस्ती केली, तर दुसऱ्या राज्याला कोणी अडवले आहे?

वर्धेकर

पळसफूल ताई, त्या बाईचे पुढे काय झाले ते कृपया लिहा. ते कळल्याशिवाय पुढचे प्रतिसाद वाचवत नाहीत.

मोहफूल

मी गडचिरोली जिल्ह्यातला आहे आणि गोंड समाजाचा आहे. विधी आयोगाने 14 जून 2023 ला समान नागरी कायद्यावर लोकांची मते मागवली, त्यानंतरचा महिना आमच्याकडे फार अस्वस्थतेत गेला. धानाच्या रोवणीची घाई चालू होती आणि संध्याकाळी लोक मोबाइल घेऊन बसत. एका बाजूचे संदेश सांगत होते की आता तुमचा गायता, म्हणजे गावचा पुजारी, लग्न लावू शकणार नाही आणि मृताला पुरताही येणार नाही. दुसऱ्या बाजूचे लोक येऊन सांगून गेले की आदिवासींना यातून वगळणारच आहेत, तुम्ही कशाला बोलता? उत्तराखंडने 2024 मध्ये कायदा केला, तेव्हा अनुसूचित जमातींना खरोखरच वगळले. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 2(2) प्रमाणे तो कायदाही केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय आम्हाला लागू होत नाही.

ग्रामसभेत आमच्या वडीलधाऱ्यांनी रूढी टिकली पाहिजे असा ठराव मांडला, आणि मीही त्याच्या बाजूने हात वर केला. मात्र त्या सभेत मागे बसलेल्या एका बाईने विचारलेला प्रश्न प्रचारात कुठेच नव्हता. तिच्या नवऱ्याने दुसरी आणली होती, आणि पोलिसांनी तिला सांगितले होते की तुमच्यात हा गुन्हा होत नाही. कायद्याची स्थिती अशी आहे की रूढीनेच दुसरे लग्न रद्दबातल ठरते हे तिने स्वतः सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली एका आदिवासी स्त्रीच्या खटल्यात तेच सांगितले आहे. आमची रूढी लिहिलेली नाही, मग ती बाई ती कुठून सिद्ध करणार? रूढी आम्हाला हवीच आहे. ती आमच्या बायांना विचारून आम्हीच लिहून काढली, तर बाहेरचा कोणी येऊन ती ठरवणार नाही, असे माझे मत आहे, आणि ग्रामसभेत ते मांडल्यावर काही वडीलधारी माझ्यावर नाराज आहेत.

जुना ग्रामसेवक

महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याप्रमाणे खेड्यात विवाहाची नोंदणी ग्रामसेवक करतो, आणि बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही तोच असतो. दोन्ही कामे मी केली. नोंदणीच्या नमुना ड मध्ये लग्न लावणाऱ्याचे नाव आणि सही असते. पुष्कळ लोक तिथे अडतात, कारण त्यांना वाटते की ती जागा भटजींचीच आहे. मी तिथे बौद्धाचार्यांच्या, काझींच्या आणि एका भूमकाच्या, म्हणजे आदिवासी पुजाऱ्याच्या, अंगठ्याचीही नोंद घेतलेली आहे.

डिसेंबर 2021 मध्ये मुलींचे लग्नाचे वय 18 वरून 21 करण्याचे विधेयक लोकसभेत मांडले गेले. ते स्थायी समितीकडे गेले आणि 2024 ला लोकसभा विसर्जित झाली तेव्हा व्यपगत झाले. पण आमच्या भागात ते लागूच झाले अशी आवई उठली. ज्यांच्या मुली अठरा-एकोणीसच्या होत्या आणि शिकत होत्या, त्या बापांनी पुढची तीन वर्षे मुलगी घरात ठेवावी लागेल या भीतीने तातडीने सोयरिकी जमवल्या. बारावीची परीक्षा तोंडावर असलेल्या एका मुलीचे लग्न मला थांबवता आले नाही, कारण ती अठरा वर्षे पूर्ण झालेली होती आणि कायदा तिच्या बापाच्या बाजूने होता. त्या विधेयकाचा हेतू चांगला होता हे मी मानतो. मात्र प्रचार करणाऱ्यांनी गावात येऊन कायदा अजून झालेला नाही, एवढे एक वाक्य सांगितले असते, तरी ती मुलगी परीक्षेला बसली असती.

नागझिरा

गुरुजींसारखे ग्रामसेवक सगळीकडे असते तर काय हवे होते! आमच्याकडे त्या रकान्यात फक्त ब्राह्मणाची सही चालते असे सांगून लोकांना परत पाठवत असत.

तुरीचं शेत

मी कुणबी आणि माझे यजमान बौद्ध. आम्ही 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली 2022 च्या हिवाळ्यात नोंदणी केली. या कायद्यात तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती कार्यालयातल्या फळ्यावर लावतात. आमच्या नोटिशीचा, म्हणजे दोघांची नावे, वय, संपूर्ण पत्ता आणि फोटो असलेल्या कागदाचा, कोणीतरी मोबाइलने फोटो काढला, आणि संध्याकाळपर्यंत तो माझ्या गावातल्या भावकीच्या गटावर आला. दुसऱ्या दिवशी गळ्यात गमछे घातलेली मुले वडिलांना भेटायला आली. त्यांनी धमकी दिली नाही. बापूंनी काळजी करू नये, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत, असे ते म्हणाले. माझे वडील त्या आधाराने जास्त घाबरले.

त्याच महिन्यात, 13 डिसेंबरला, राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समितीचा शासन निर्णय काढला. अशा मुलींची माहिती गोळा करायची, आणि त्यांच्या माहेरच्यांशी संवाद घडवायचा, असे त्यात होते. दोन दिवसांत आंतरजातीय हा शब्द काढून टाकण्यात आला. मला सुटल्यासारखे वाटले, हे खरे. नंतर माझ्याच वर्गातल्या, मुस्लिम मुलाशी लग्न ठरवलेल्या मैत्रिणीचा फोन आला, तेव्हा तिला काय सांगावे ते सुचेना. पंजाबराव देशमुखांनी 1927 साली जातीबाहेर लग्न केले याचा आमच्या अमरावती जिल्ह्यात सगळ्यांना अभिमान आहे, त्यांच्या नावाने आमची कॉलेजे आहेत, आणि माझ्या लग्नाला माझ्या घरून एकटी मावशी आली.

वर्धेकर

ताई, वडील आता बोलतात का?

तुरीचं शेत

हो, मुलगी झाल्यापासून बोलतात. दर शनिवारी तिच्यासाठी संत्री घेऊन येतात. चुलत्यांकडून मात्र अजून बोलावणे नाही.

कपाशी

या धाग्यावर लिहावे की नाही याचा बराच विचार केला. मी समलिंगी आहे, नोकरीसाठी शहरात असतो, आणि घर शेतीचे आहे. एप्रिल-मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात समलिंगी विवाहाची सुनावणी चालू होती. त्या काळात आमच्या गावात मारुतीच्या पारावर एक निवेदन सह्यांसाठी ठेवले होते. विवाह हा फक्त स्त्री आणि पुरुष यांचाच असतो, न्यायालयाने संस्कृतीत ढवळाढवळ करू नये, असा त्यातला मजकूर होता. खाली निळ्या शाईतल्या सह्या आणि अंगठे होते, आणि त्यात माझ्या वडिलांची, ज्यांनी मला अक्षरे गिरवायला शिकवली त्यांची, वळणदार सही होती. त्या दिवशी मी सुट्टीवर घरीच होतो. त्यांना विचारले तर म्हणाले की सरपंचांनी कागद पुढे केला, सगळे करत होते, आपले काय जाते?

17 ऑक्टोबर 2023 ला निकाल आला. विवाह हा मूलभूत अधिकार नाही यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले, आणि जोडीदारांच्या सहजीवनाला कायदेशीर मान्यता देण्याचा मुद्दा तीन विरुद्ध दोन असा फेटाळला गेला. हा विषय संसदेचा आहे, असे न्यायालयाने सांगितले. संसद म्हणजे निवडणूक, आणि निवडणूक म्हणजे पुन्हा तो पार आणि तो कागद. वडिलांना मी अजून सांगितलेले नाही. पुढच्या वेळी कागद येईल त्याआधी त्यांना सांगायचे असे ठरवले आहे, कारण सही करताना आपले काय जाते हे त्यांना माहीत असायला हवे.

बोधी

दादा, तुम्ही लिहिलेत त्याला धैर्य लागते. सांगताना घरात तुमच्या बाजूचे एखादे माणूस सोबत ठेवा, आत्या असो की मामा. एकट्याने सांगू नका.

मोहफूल

कपाशीभाऊ, आमच्याकडे कधीही या. घर तुमचेच आहे.

अकोल्याची लेक

तिहेरी तलाकचा कायदा 2019 ला झाला. त्याआधीची दोन वर्षे आम्हा मुस्लिम बायांकडे जेवढे लक्ष गेले, तेवढे आधी कधी गेले नव्हते आणि नंतरही गेले नाही. एका बाजूचे लोक आमच्या मुक्तीची भाषणे देत होते, आणि दुसऱ्या बाजूचे लोक आम्हाला कायद्याविरुद्धच्या मोर्चात चालायला सांगत होते. मी मोर्चात चालले, आणि 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने तलाक-ए-बिद्दत, म्हणजे एका दमात दिलेला तिहेरी तलाक, अवैध ठरवला तेव्हा आमच्या मोहल्ल्यातल्या कित्येक बायांप्रमाणे मलाही आनंद झाला होता. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या मनात असू शकतात, हे एकाही वक्त्याला पटले नाही. नवरा तीन वर्षे तुरुंगात गेला तर घरात शिजवायचे काय, हे मी दोन्हीकडच्यांना विचारले होते, आणि दोन्हीकडून मला कायदा वाचायला सांगण्यात आले.

पळसफूल

वर्धेकर, उशीर झाला, क्षमस्व. त्या बाईचे प्रकरण आधी अपात्र ठरले होते. मग आम्ही शिधापत्रिका, मतदारयादीतले नवऱ्यापुढचे तिचे नाव आणि पाट लागला त्या रात्री हजर असलेल्या दोन म्हाताऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडून फेरअर्ज केला. स्त्री-पुरुष दीर्घकाळ पती-पत्नी म्हणून राहिले तर ते विवाहित आहेत असे न्यायालय गृहीत धरू शकते, हे एका वकीलबाईंनी अर्जात लिहून दिले. मंजुरी आली तोवर पुढचा हंगाम लागला होता आणि सावकाराचे व्याज वाढले होते. तरी पैसे मिळाले, आणि सातबारावर तिचे नावही चढले.

नागझिरा

गुरुजी, माझ्या आईबाबांचे लग्न जुने आहे आणि नोंद केलेली नाही. लग्न लावणारे वारले आहेत. आता नोंद होईल का? आईच्या नावाने पुढे कटकट नको, म्हणून विचारतो आहे.

जुना ग्रामसेवक

होईल. विलंबाचे शुल्क भरावे लागेल. लग्न लावणारे हयात नाहीत हे दोघांच्या प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहावे, दोघांचा वयाचा आणि रहिवासाचा पुरावा जोडावा, आणि तीन साक्षीदार न्यावेत. साक्षीदार लग्नाला प्रत्यक्ष हजर असलेलेच असावेत, म्हणून ते धडधाकट आहेत तोवर हे काम उरकून घ्या.