विमानातील गणवेशासाठी इरकल चालेल का? जगभरातील हवाई सेविकांच्या पोशाखांविषयी मार्गदर्शन हवे आहे

वडगावची_लेक

सर्वांना नमस्कार. मी बेळगावच्या वडगावात राहते आणि फॅशन डिझाइनच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षात शिकते. आमच्या घरी दोन पिढ्यांपासून साड्या विणल्या जातात. आता घरात यंत्रमाग आहेत, परंतु आजीच्या ट्रंकेत हातमागावरचे एक इरकल अजून जपून ठेवलेले आहे. त्याचा गर्द निळा रंग आणि तांबडा रेशमी पदर पाहूनच मला यंदाच्या प्रकल्पाची कल्पना सुचली. एखाद्या विमान कंपनीच्या केबिन क्रूसाठी इरकलीचा गणवेश तयार करायचा, असे मी ठरवले आहे.

वाचन केल्यावर मात्र गोंधळ वाढला. सिंगापूर एअरलाइन्सचा सारोंग-केबाया, म्हणजे लुंगीसारखे नेसण आणि त्यावर अंगाबरोबर बसणारा ब्लाउज, फ्रान्सचे फॅशन डिझायनर पिअर बालमँ यांनी १९६८ मध्ये तयार केला आणि तो आजही जवळजवळ तसाच वापरात आहे. एअर फ्रान्सने मात्र डिऑर, बालेन्सियागा आणि २००५ मध्ये ख्रिस्तियाँ लाक्रवा अशा वेगवेगळ्या नामवंतांकडून वेळोवेळी नवे पोशाख करून घेतले. ब्रॅनिफ या अमेरिकी कंपनीसाठी एमिलियो पुची यांनी १९६५ मध्ये केलेल्या गणवेशात तर, धावपट्टीवरून चालताना पावसाने केस भिजू नयेत म्हणून, डोक्यावर चढवायचा पारदर्शक प्लास्टिकचा गोल घुमटही होता. ही सगळी चित्रे मी मॅडमना दाखवली तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला : "हे घालून ही मुलगी आठ तास काम कशी करणार, ते सांग." माझ्याजवळ उत्तर नव्हते.

ज्यांनी असा गणवेश घातला आहे, शिवला आहे किंवा जवळून पाहिला आहे, त्यांनी कृपया सांगावे. देखणेपणा आणि काम यांचा मेळ कोणी चांगला घातला आहे? आणि इरकल या कामाला टिकेल का?

निपाणीची_मावशी

तू माझ्या भाचीच्या वयाची असशील, म्हणून 'तू' म्हणते. मी वीस वर्षांहून अधिक काळ केबिन क्रूमध्ये काम केले आणि त्यातील निम्मा काळ साडीत काढला. कंपनीचे नाव लिहीत नाही, पण अनुभव सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट लक्षात घे. हा गणवेश जन्माला आला तो शोभेसाठी नव्हे. १९३० मध्ये अमेरिकेतील बोइंग एअर ट्रान्सपोर्टने एलन चर्च आणि तिच्या सात सहकारी अशा आठ परिचारिकांना विमानात नेमले, तेव्हा विमानप्रवासाची लोकांना धास्ती होती. गडद हिरव्या लोकरीचा सूट, त्यावर केप आणि डोक्यावर बेरे टोपी घातलेली परिचारिका समोर दिसली की प्रवाशाचा जीव थोडा भांड्यात पडावा, हा त्यामागचा हेतू होता. पुढे साठ-सत्तरच्या दशकात काही कंपन्यांनी हा हेतूच उलटा केला. साउथवेस्टने १९७१ मध्ये मुलींना आखूड चड्डी आणि गुडघ्यापर्यंतचे बूट दिले. त्या काळच्या चित्रांना आज लोक 'स्टायलिश' म्हणतात, याचे मला वाईट वाटते, कारण तो पोशाख घालणारीचा विचार करून केलेला नव्हता. तुझ्या प्रकल्पात ती चित्रे लावणार असशील, तर त्याखाली हेही लिही.

आता साडीविषयी. एअर इंडियाच्या सेविका सुरुवातीला स्कर्ट, जाकीट आणि टोपी घालत. साठच्या दशकात साडी आली आणि जगभरात कंपनीची ओळख झाली. साडीचा मान मला आजही वाटतो. परंतु माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका रात्रीच्या उड्डाणात जेवण देत असताना माझा पदर ट्रॉलीच्या चाकात सापडला, मी वळले आणि खांद्यावरची पिन कापड फाडून निघाली. हातात गरम आमटीचा ट्रे होता. ती आमटी शेजारच्या लहान मुलाच्या अंगावर सांडली नाही, हे दैवच. त्या दिवसापासून मी पदर कमरेशी खोचून त्याला आतून हुक लावू लागले आणि निऱ्या घरीच दोन ओळी टीप मारून शिवून घेऊ लागले. वरिष्ठांनी आक्षेप घेतला, पण सहा महिन्यांत आमच्या तुकडीतील निम्म्या मुलींनी तसेच केले.

म्हणूनच डिसेंबर २०२३ मध्ये मनीष मल्होत्रा यांनी एअर इंडियासाठी केलेला नवा गणवेश जाहीर झाला, तेव्हा मी सर्वात आधी रंग नव्हे, शिवण पाहिली. साडी तयार शिवलेली आहे आणि हवी तर ती पँटवर घालता येते. ज्येष्ठ सेविकांसाठी वांगी रंगातून गडद मरून रंगात उतरणारी छटा आणि कनिष्ठ सेविकांसाठी लाल ते जांभळी छटा, हे तर मनोहर आहेच.

शेवटचे, आणि माझ्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचे. प्रवासी विमानाला प्रमाणपत्र देताना निम्मी दारे बंद धरून ९० सेकंदांत सगळे प्रवासी बाहेर काढता येतात, हे सिद्ध करावे लागते. खऱ्या प्रसंगी ते काम आम्हीच करतो. उंच टाचा आपत्कालीन दाराच्या फुगवट्याच्या घसरगुंडीचे रबरी कापड फाडू शकतात, म्हणून आधी त्या उतरवायच्या. पॉलिएस्टर आणि नायलॉन उष्णतेने वितळून त्वचेला चिकटते. सुती कापड पेटते, पण चिकटत नाही, आणि लोकर तर सहजासहजी पेटत नाही. तुझ्या मॅडमनी विचारलेल्या आठ तासांच्या प्रश्नात हे दीड मिनिटही मिळव.

खानापूरची_पाखरू

मावशींचे वाचून अंगावर काटा आला. मी सध्या नोकरीत आहे, चार वर्षे झाली. साडीविषयी आदर असूनही मी स्पष्ट लिहिते की, मला निवड दिली तर मी पँटच घेईन.

काळही त्याच दिशेने चालला आहे. जपान एअरलाइन्सने २०२० मध्ये स्त्री कर्मचाऱ्यांवरील स्कर्ट आणि उंच टाचांची सक्ती काढली. युक्रेनच्या स्कायअपने २०२१ मध्ये नारिंगी पँटसूट आणि स्नीकर दिले. आपल्याकडे अकासा एअरने २०२२ मध्ये सुरुवातीपासूनच पँट, जाकीट आणि स्नीकर ठेवले. राजेश प्रताप सिंग यांनी केलेल्या त्या गणवेशाचे कापड समुद्रातील कचऱ्यातून काढलेल्या प्लास्टिक बाटल्यांपासून बनवले आहे. पाय सुजणे म्हणजे काय, हे सलग चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणे, केल्यावर कळते. केबिनची हवा इतकी कोरडी असते की, संध्याकाळपर्यंत ओठ फुटतात आणि कृत्रिम धाग्याचा स्कर्ट पायमोज्यांना चिकटून चट्चट् आवाज करतो.

आणखी एक मुद्दा डिझाइन शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. अलास्का एअरलाइन्सने २०११ मध्ये नवे गणवेश दिल्यानंतर सेविकांमध्ये पुरळ, खोकला, डोळ्यांची जळजळ अशा तक्रारी वाढल्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये त्याविषयी अभ्यास प्रसिद्ध केला. सुरकुती पडू नये, डाग धरू नये म्हणून कापडावर जी रासायनिक प्रक्रिया होते, ती अंगाला बारा बारा तास लागून राहते. म्हणून ताई, कापड निवडताना ते काठ-पदरावरून निवडू नका. त्यावर काय मारले आहे, तेही विचारा. आणि खिसे ठेवा. खरे, खोल, पेन आणि छोटी टॉर्च मावतील असे खिसे.

शहापूरचे_शिंपीकाका

मी शहापुरात पस्तीस वर्षे शिवणकाम करतो. विमानाचा गणवेश कधी शिवलेला नाही, पण रुग्णालयातील परिचारिकांचे आणि हॉटेलांतील मुलींचे गणवेश शेकड्याने शिवले आहेत. त्या अनुभवावर लिहितो.

गणवेश बाहेरून पाहायचा नसतो, उलटा करून पाहायचा असतो. ताई, तुम्ही पहिला नमुना शिवलात की तो घालून एकीला माळ्यावर जड बॅग ठेवायला सांगा. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात सामान ठेवतानाची हालचाल हीच आहे. हात वर जाताच ब्लाउज कमरेपासून चार बोटे वर सरकला, तर तो गणवेश नापास. यावर उपाय म्हणजे बाही खांद्यात थोडी उंच बसवून काखेखाली त्याच कापडाचा चौकोनी तुकडा जोडणे. आपल्या जुन्या बंडीत आणि अंगरख्यात हा तुकडा असेच. पाश्चात्त्य पद्धतीच्या घट्ट ब्लाउजमध्ये तो नसतो, म्हणून काखेतली शिवण आधी उसवते. हा तुकडा लावला की बाही दिसायला तशीच राहते आणि हात मोकळा होतो.

सिंगापूरच्या केबायाची कीर्ती आहे ती नुसत्या बाटिक नक्षीमुळे नव्हे. तो प्रत्येकीच्या मापाने बसवला जातो, हे त्याचे खरे रहस्य आहे. रंगांचाही त्यांनी चांगला उपयोग केला आहे : निळा साध्या सेविकेचा, हिरवा तिच्या वरच्या पदाचा, मग लाल आणि जांभळा. प्रवाशाला बिल्ला वाचावा लागत नाही. व्हिएतनाम एअरलाइन्सचा आओ झाय मला कापणीच्या दृष्टीने सर्वात शहाणा वाटतो, कारण लांब अंगरख्याला दोन्ही बाजूंनी कमरेपर्यंत चीर आणि खाली पूर्ण पायजमा, म्हणजे रूप परंपरेचे आणि चाल मोकळी. थाई एअरवेजने तर अनेक वर्षे निराळाच मार्ग ठेवला होता : विमानतळावर जांभळा सूट आणि विमानात चढल्यावर थाई पारंपरिक पोशाख. दोन पोशाखांचा खर्च येई, हे खरे, पण प्रत्येक कामाला योग्य वस्त्र मिळे.

साडीच करायची असेल तर निऱ्यांच्या आत कॅनव्हासचा पट्टा घाला, कमरेला बाजूने चेन द्या आणि पदर खांद्यावर पिनेऐवजी चपट्या टिचबटणाने बसवा, म्हणजे तो ओढला गेला तर कापड फाटण्याऐवजी बटण सुटेल. मावशींच्या बाबतीत नेमके हेच व्हायला हवे होते.

खडेबाजार_कापडवाला

इरकलीविषयी एक व्यवहाराची गोष्ट. आमच्या दुकानात इरकल तीन पिढ्या विकले जाते. खऱ्या इरकलीत अंगाचा ताणा (मागावरचे उभे धागे) आणि पदराचा ताणा वेगवेगळा असतो, आणि दोन्ही ताण्यांचे धागे एकमेकांत अडकवून जोडले जातात. त्यालाच टोपी-तेनी म्हणतात. त्यामुळे प्रत्येक साडीसाठी ताणा स्वतंत्र करावा लागतो. शंभर साड्या एका छटेत, एका महिन्यात हव्यात अशी मागणी आली, तर ती हातमागावर पुरी होणे अवघड आहे. शिवाय गर्द रंग पहिल्या दोन-तीन धुण्यांत सुटतात आणि गणवेश तर दर फेरीनंतर धुवायला जातो. म्हणून अंगासाठी इरकलीचा हट्ट धरू नका. गुळेदगुड्डचा खण पाहा. तो मुळातच चोळीचे कापड आहे, पोत घट्ट आहे, आणि ब्लाउजच्या कॉलरला किंवा जाकिटाच्या आतल्या पट्टीला थोडासाच लागतो.

वडगावची_लेक

मावशी, काका, खानापूरच्या ताई आणि खडेबाजारचे दादा, तुम्हा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. काल रात्री तुमचे सगळे प्रतिसाद आजीला वाचून दाखवले. टोपी-तेनीचा उल्लेख येताच तिने ट्रंक उघडली, इरकल बाहेर काढले आणि पदराचा जोड बोटाने चाचपून दाखवला. त्या एका ओळीला तिला अर्धा दिवस लागत असे, असे ती म्हणाली. गणवेशासाठी ते इरकल मी मागितले असते, तर तिने दिले असते. पण आता मी मागणार नाही.

आराखडा मी पूर्ण बदलला आहे. लोकर आणि सूत यांच्या मिश्र कापडाची सरळ पँट, त्यावर गुडघ्यापर्यंतचा दोन्ही बाजूंनी चीर असलेला अंगरखा, रंग इरकलीचाच गर्द निळा. काखेत चौकोनी तुकडा, दोन खोल खिसे, गळ्याला खणाची बोटभर पट्टी. पद ओळखण्यासाठी त्या पट्टीचा रंग बदलेल. उजव्या मनगटाशी आपल्या भागातल्या कसुती भरतकामाची गवंती टाक्याची एक ओळ असेल, कारण हा टाका गाठ न मारता घातला जातो आणि दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, त्यामुळे आतून त्वचेला काही टोचणार नाही.

काका, तुमची हरकत नसेल तर शनिवारी कापड घेऊन शहापुरात येते. पहिला नमुना तुमच्यासमोर उलटा करून पाहायचा आहे, आणि बॅग ठेवायला माळा तुमच्याच दुकानातला लागेल.

शहापूरचे_शिंपीकाका

अवश्य या. सकाळी अकराच्या आधी या, तेव्हा उजेड चांगला असतो. कापड आणण्यापूर्वी एकदा भिजवून, सुकवून, इस्त्री करून आणा, आणि ज्या मुलीच्या मापाने शिवायचे आहे तिलाही सोबत आणा.