पाच हजारांत गिटार: जुनी चांगली की नवी साधी?

नऊची_लोकल
लेक यंदा अकरावीला गेली. दहावीच्या सुट्टीपासून मैत्रिणीची गिटार मागून आणून वाजवतेय, आता ती परत करायची वेळ आली. घरात ठरलेली रक्कम पाच हजार. पिशवी, तारा, सगळं त्यातच. मी कॉलेजात चार वर्षं वाजवलीय, म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते, मग हवं तेवढं सोला: या पैशांत नवी गिटार घेण्यात अर्थ नाही. तीन-साडेतीन हजारांत पिशवी, पट्टा, पिक, जादा तारा असा "सगळं मोफत" संच मिळतो. त्यात खरं तर गिटारच मोफत दिल्यासारखी असते. तारा इतक्या उंच की एफ कॉर्ड धरला की बोटांवर वळ, आणि महिनाभरात पोरं म्हणतात, मला जमत नाही. त्यापेक्षा कुणीतरी हौसेनं घेऊन कपाटावर टाकलेली यामाहा एफ ३१० मिळाली तर डोळे झाकून घ्यावी. ठाण्यात एक बघून ठेवलीय. साडेपाच म्हणतोय, उतरेल. रविवारी जाणार.

हिशोबतपासनीस
"डोळे झाकून" तेवढं खटकलं. मी तसंच केलं होतं. भाच्यासाठी, चार हजार, फोटो झकास. घ्यायला गेलो तर तारा ढिल्या. विकणारा म्हणाला, लाकडाला आराम म्हणून मुद्दाम ढिल्या ठेवतो. मला केवढं कौतुक वाटलं, काय जपणूक! घरी आणून सुरात लावली. तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना आतल्या खोलीतून "टक्" असा आवाज. जाऊन पाहतो तर ब्रिजची, म्हणजे फळीवर तारा अडकवतात त्या लाकडी पट्टीची, मागची कड उचललेली, खाली झटपट चिकटणाऱ्या डिंकाचे पांढरे डाग. म्हणजे एकदा आधीच निघाला होता. दुरुस्तीवाल्यानं अठराशे सांगितले, वर "टिकेल याची हमी देत नाही". झाले अठ्ठावन्नशे. तेवढ्यात पावतीसकट नवी आली असती. बिघडली तर दुकानदाराच्या टेबलावर नेऊन आपटता तरी येते.
ताई, तुम्ही वाजवलेलं आहे, तुमचं ठीक. पण हा सल्ला वाचून ज्यानं कधी गिटार हातात धरली नाही तोही जुनी घ्यायला धावेल.

मिरजेचा_पाहुणा
जुन्या लाकडाची सर नव्याला नाही. आमच्या मिरजेत कुणालाही विचारा, तंबोरा मुरावा लागतो. (सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, उगाच नाही.) गिटारही लाकूडच. दहा वर्षं जुनी म्हणजे आवाज दहा वर्षं पिकलेला.

धारवाला
पाहुणे, तंबोऱ्याबद्दल कान पकडतो, पण इथं गल्लत होतेय. पाच हजारांच्या गिटारीची वरची फळी अखंड लाकडाची नसते, पातळ थर एकावर एक चिकटवलेले असतात. एफ ३१० चीही तशीच. ती दहा वर्षांत फारशी पिकत नाही. तिचा फायदा वेगळाच आहे: सहसा चिरत नाही आणि हयगय सोसते. म्हणजे जुनी घ्यायचीच तर आवाज मुरला म्हणून नको, भाव पडला म्हणून घ्या.

आता हिशोबरावांकडे वळतो. माझं पोट गिटारी दुरुस्त करण्यावर आहे, तरी धंद्याविरुद्ध बोलतो: पूर्ण सुरात लावल्याशिवाय जुन्या गिटारीवर एक शब्द बोलू नये. स्टीलच्या सहा तारा सुरात असल्या की ब्रिजवर सत्तर किलोंच्या आसपास ओढ असते. एक धडधाकट माणूस रात्रंदिवस त्या पातळ फळीला लोंबकळतोय असं समजा. ढिल्या तारांत मेलेली गिटारसुद्धा तरुण दिसते. फोनवर ट्यूनर लावा, सुरात आणा आणि गप्पा मारत वीस मिनिटं काढा. त्यानंतर ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा. सरकला तर उठा.

मग बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट), जाड ई तारेच्या खाली स्टीलची पट्टी उभी करा. जिचा शून्य अगदी टोकापासून सुरू होतो तीच पट्टी, कंपासमधली नको. अडीच मिलिमीटर आलं तर छान, तीनही चालेल. चारच्या पुढे गेलं की ब्रिजमधली पांढरी पट्टी, सॅडल, किती वर आलीय ते बघा. बाराव्यावर एक मिलिमीटर उतरवायचं तर सॅडल खालून दोन मिलिमीटर घासावी लागते. चांगली तीन-चार मिलिमीटर वर दिसत असेल तर पाचशे रुपयांचं काम. पण आधीच घासघासून लाकडाला टेकलीय आणि तरी तारा उंच, असं असलं तर चहा घेऊन निघा. नेकचा, म्हणजे गिटारीच्या मानेचा, कोन बिघडलाय. तो काढून पुन्हा बसवायचा खर्च गिटारीपेक्षा जास्त. आणि कुणी "ट्रस रॉड पिळून देतो" म्हणाला तर हसा. ती सळई नेकचा बाक काढते, कोन सुधारत नाही. आठवड्याला एक तरी जण पिळून पिळून आटे घालवलेली गिटार घेऊन येतो माझ्याकडे.

बाकी खुंट्या कडक, रंग उडालेला, पोटावर ओरखडे, हे सगळं भाव पाडायला. मनावर घेऊ नका.

खारं_वारं
रत्नागिरीहून. एक कुणीच बोललं नाही: पावसाळ्यात जुनी गिटार बघायलाच जाऊ नका. इथं जुलैत लाकूड पाणी पितं, फळी ब्रिजच्या मागे फुगते, तारा आपोआप वर जातात. चांगली गिटारही वाईट वाटते. दिवाळीनंतर जा.

संत्रानगरी
मग आमच्याकडे मे महिन्यात या. लाकूड इतकं आटतं की नेकच्या कडेनं हात फिरवला तर फ्रेटची टोकं करवतीसारखी लागतात. महाराष्ट्रात मुहूर्त बघत बसलात तर कुणीच गिटार घेणार नाही. उलट वाईट हवेत बरी वाटते ती बाकी वर्षभर बरीच राहील, असं माझं मत.

खारं_वारं
पावसात फुगलेली बघून सॅडल घासून घेतली की फेब्रुवारीत तारा फ्रेटवर आपटून भणभणतात. मी स्वतः भोगलंय. "वर्षभर बरी" वगैरे नागपुरात असेल.

तारवटी
मडगावचा. आमच्याकडे पोरगा बोटीवर नोकरीला लागला की त्याची गिटार मावशीच्या घरी पडून असते. मी दोन अशाच घेतल्या, एक तर फुकट. मात्र एक सांगतो. बऱ्याच घरांत नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार असते आणि कुणीतरी दणका हवा म्हणून तिला स्टीलच्या तारा चढवलेल्या असतात. नायलॉनची ओढ जवळपास निम्मी, त्या हिशोबानं बांधलेली फळी स्टीलनं पोट काढून बसते. डोक्याला लांब खाचा पाडून त्यात बसवलेल्या खुंट्या आणि रुंद नेक दिसला, वर स्टीलच्या तारा असल्या, तर कितीही स्वस्त असो, हात जोडा.
बरी अवस्था असेल तर नवशिक्याला नायलॉनच बरी, असं मी म्हणेन. बोटं सोलत नाहीत.

नऊची_लोकल
नायलॉन सुचवून बघितलं. "आई, तो आवाज लग्नातल्या जेवणाच्या वेळचा वाटतो." विषय संपला.

हिशोबतपासनीस
धारवाल्यांनी जे लिहिलंय ते वाचून माझं म्हणणं आणखी पक्कं झालं. वीस मिनिटं गप्पा, कागद, पट्टी, सॅडल, कोन. हे सगळं समजलं तरच जुनी घ्यायची ना? मग ज्याला समजतं त्याला सल्ल्याची गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला हे जमणार नाही. त्यानं सरळ मुंबईत धोबी तलावला जावं, फुर्तादोज हे वाद्यांचं दुकान १८६५ पासून आहे, तिथे चार गिटारी हातात घ्याव्यात. पैसे कमी पडले तर तीन महिने थांबून साठवावेत.

धारवाला
तीन महिने थांबलेली पोरं माझ्याकडे येत नाहीत हो. ती मोबाइलवर असतात. आणि दुकानातली नवी गिटारही सेटअप करून (तारांची उंची वगैरे जुळवून) घ्यावीच लागते, ते पाचशे कुणी धरत नाही. माझा हिशोब सोपा आहे: हातात पाच असतील तर गिटारीला चार-सव्वाचार, बाकी सेटअप आणि तारा. अख्खे पाच गिटारीत घालणारा फसतो, मग ती नवी असो की जुनी.
समजत नसेल तर वाजवणारा एक मित्र सोबत न्या. स्थळ बघायला मामाला नेतो ना आपण?

हिशोबतपासनीस
मामानंच फसवलेली लग्नं मोजू का इथं?

नऊची_लोकल
रविवारी जाऊन आले. लेकीच्या कंपासची पट्टी नेली होती, दारात आठवलं की तिचा शून्य टोकापासून नाही. शेवटी खालच्या सुतारकामाच्या दुकानातून स्टीलची मागून आणली. विकणारा मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, बंगळुरूला निघालाय. तारा सुरात लावायच्या म्हटल्यावर त्यानं तोंड वाकडं केलं नाही, तिथेच निम्मी खात्री पटली. त्याच्या आईनं कांदेपोहे केले, त्यामुळे वीस मिनिटांची चाळीस झाली. ब्रिजखाली कागद सरकला नाही. बाराव्या फ्रेटवर तीनच्या जरा वर, सॅडल तीनेक मिलिमीटर बाहेर. दुसऱ्या फ्रेटवर बी तारेखाली नखानं जाणवेल एवढा खड्डा आहे, ए मेजर खूप वाजवलेला दिसतो. तिसरी खुंटी अडकत अडकत फिरते. तो पाचवर अडला होता, खड्डा दाखवला, खुंटी फिरवून दाखवली, बेचाळीसशेला दिली. मळकी पिशवी त्यातच.
हिशोबराव, तुमचा ब्रिज मात्र सगळा वेळ डोळ्यांसमोर होता. तो किस्सा वाचला नसता तर पोहे खाऊन साडेपाच देऊन आले असते.
सेटअप शनिवारी. तेव्हा तारा दहाच्या लावू की बाराच्या (सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात)? दुकानदार म्हणतो बाराच्याच घ्या, आवाज भरदार.

धारवाला
दहाच्या. ओढ कमी, बोटांनाही, ब्रिजलाही. आणि सॅडल आत्ता थोडीच घासायला सांगा, उरलेली दिवाळीनंतर. रत्नागिरीचं तेवढं ऐका.

हिशोबतपासनीस
दहाच्याच घ्या. पावती घेतलीत का?

नऊची_लोकल
वहीच्या पानावर लिहून दिलंय: "गिटार विकली, रु. ४२००, परत मागणार नाही." खाली सही. त्याच्या आईचीही.