डबघाईला आलेल्या रग्बी क्लबात चाहत्यांनी पैसे घालावेत का?

सातरस्ता
सोलापुरात रग्बी बघणारे मोजकेच, पण आहेत ते इंग्लंडची प्रीमियरशिप, म्हणजे तिथली अव्वल रग्बी लीग, रात्र जागून बघतात, म्हणून इथे विचारतो. २०२२-२३ मध्ये वर्षाच्या आत तिथले तीन क्लब बुडाले: वूस्टर वॉरियर्स, वॉस्प्स आणि लंडन आयरिश. वॉस्प्स तर १८६७ चा, दोनदा युरोपचा चषक जिंकलेला. १७ ऑक्टोबर २०२२ ला तो दिवाळखोरीमुळे प्रशासकाच्या ताब्यात गेला आणि १६७ जणांची नोकरी गेली.

पुढचा क्लब अडचणीत आला की चाहत्यांपुढे झोळी येणारच. माझं मत: द्यावेत पैसे, पण मैदान चाहत्यांच्या ट्रस्टच्या नावावर होणार असेल तरच. पगार भागवायला दमडीही देऊ नये. मिल बंद पडली की यंत्रं भंगारात जातात आणि जमिनीला भाव येतो, हे सोलापूरकराला शिकवायला नको. वूस्टरला तर क्लब चालू असतानाच सिक्सवेज मैदानाभोवतीची जमीन वेगळ्या कंपन्यांकडे गेली होती.

हिशेबनीस
अजिबात पटलं नाही. वॉस्प्सचा हिशेब बघा की. २०१४ ला कॉव्हेंट्रीला गेले, तिथलं स्टेडियम घेतलं. २०१५ ला साडेतीन कोटी पौंडांचे रोखे काढले, व्याज साडेसहा टक्के, तारण तेच स्टेडियम. चाहत्यांनीही ते घेतले. मे २०२२ ला परतफेड जमली नाही आणि शेवटी स्टेडियम गेलं १.७ कोटीला. मैदान हातात होतं, तरी बुडाले! मी पतसंस्थेत वसुली बघतो. कागदावर तारण भरभक्कम दिसतं, लिलावात बोली लावायला दोनच माणसं येतात. चाहत्याने तिकीट काढावं, जर्सी घ्यावी, बास.

नवीपेठकर
हिशेबनीसांना अनुमोदन. एका क्लबच्या खेळाडूंच्या एकूण पगाराची मर्यादा मध्यंतरी ६४ लाख पौंडांवरून ५० लाखांवर आणली होती, तरी क्लब तोट्यातच राहिले. लीगचा २७ टक्के हिस्सा सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीला विकून २० कोटींवर पौंड आले, तेही पुरले नाहीत. मालकाचा खिसा आटला की खेळ खलास.

सातरस्ता
हिशेबनीस सर, रोखे घेणारा सावकार असतो, मालक नव्हे. मी मालकीचं बोलतोय. फुटबॉलमधला एएफसी विम्बल्डन बघा: २००२ ला चाहत्यांनी उभा केला, आजही चाहत्यांच्याच हातात आहे, २०२० ला प्लाऊ लेनला स्वतःच्या मैदानावर परतला.

मूळची_अक्कलकोटची
मी वूस्टरमध्येच राहते. सप्टेंबर २०२२ मध्ये एक्झिटरविरुद्धच्या सामन्याला ४,९९९ च्या वर माणसं आत सोडायची परवानगी नव्हती, बहुतेक स्टँड बंद. पगार वेळेवर नसताना कर्मचारी तरी कामाला आले होते. पुढच्या आठवड्यात न्यूकॅसलला ३९-५ ने हरवलं आणि दोन दिवसांनी क्लब प्रशासकाकडे. ५ ऑक्टोबरला खेळाडूंचे करार कोर्टात संपले, कारण थकलेला कर.

दादा, मैदानाचं तुमचं बरोबर आहे. वूस्टर २०२५-२६ ला दुसऱ्या श्रेणीत परत आला, कारण परतायला सिक्सवेज होतं. वॉस्प्सला अजून घर नाही. पण पैशाआधी ताळेबंद मागायला हवा होता. कर थकलाय हे आम्हाला बातम्यांतून कळलं. संचालक मंडळावर चाहत्यांचा एक माणूस असता तर निदान उन्हाळ्यातच आरडाओरडा झाला असता. माझा राग पैशापेक्षा या अंधारात ठेवण्याचा आहे.

हिशेबनीस
ताई, ताळेबंदाचं शंभर टक्के मान्य. ट्रस्टचं मात्र नाही. क्लबने भाडं थकवलं तर हाच ट्रस्ट क्लबला बाहेर काढणार का? काढणार नसेल तर ती पुन्हा देणगीच झाली.

सातरस्ता
काढू नये. पण नवा मालक येईल तेव्हा थकबाकी भरल्याशिवाय त्याला किल्ली मिळणार नाही, आणि तिथे घरं बांधायचा विषयही काढता येणार नाही. एवढ्यासाठी मी पैसे देईन.

नवीपेठकर
मी नाही देणार. पण ट्रस्टचा मसुदा टाका, वाचतो.